नदीला खोटा उतार चालत नाही

खोटं जग पकडायचं असेल तर डोंगर बघू नयेत, नद्या बघाव्यात. कादंबरीच्या सुरुवातीला छापलेला एखाद्या अद्भुत देशाचा नकाशा असो, नाहीतर व्हिडिओ गेममधलं अख्खं खंड; डोंगर सहसा वेळ निभावून नेतात. वेड्यावाकड्या चार रांगा काढल्या, टोकांना बर्फ फासला की नजर फसते. नदी मात्र चुगली करते. ती एका समुद्रातून निघून दुसऱ्या समुद्राला मिळते. एकाच तळ्यातून तीन दिशांना तीन नद्या निघतात. आडवी आलेली डोंगररांग ती बिनदिक्कत पार करते, कारण पलीकडे लेखकाला राजधानी वसवायची असते. आणि सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे वरून आलेली धार उतरता उतरता दुभंगत जाते. खऱ्या जमिनीवर ओहोळ ओढ्याला, ओढा नदीला, नदी आणखी मोठ्या नदीला मिळते. फाटे फुटलेच तर अगदी शेवटी, मुखाशी, गाळाने उतार जवळजवळ संपवलेला असतो तिथे.

अपवाद आहेत, आणि ते मोठे मजेदार आहेत. व्हेनेझुएलात ओरिनोको नदीचं थोडं पाणी कासिकियारे नावाच्या प्रवाहाने फुटून निग्रो नदीत, म्हणजे शेवटी ॲमेझॉनमध्ये जातं. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०० साली स्वतः त्या प्रवाहातून गेला. अमेरिकेत वायोमिंगमधला एक ओढा तर फुटून निम्मा पॅसिफिकच्या आणि निम्मा अटलांटिकच्या वाटेला लागतो. पण पुस्तकांत त्यांची नावं येतात ती विरळा म्हणूनच. काल्पनिक नकाशे काढणाऱ्या हौशी मंडळींत अशा चुकांवर बोट ठेवणाऱ्यांना थट्टेने ‘रिव्हर पोलीस’ म्हणतात. नवख्याने मोठ्या कौतुकाने नकाशा दाखवावा आणि पहिलीच प्रतिक्रिया ‘ही नदी चढावर कशी चालली?’ अशी यावी, हा या छंदातला उपनयनविधीच आहे.

छंद जुना आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८१ च्या पावसाळी सुट्टीत स्कॉटलंडमध्ये सावत्र मुलाच्या सोबतीने एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ उगवली. पुढे गंमत अशी झाली की पुस्तक छापायच्या वेळी मूळ नकाशाच गहाळ झाला. मग स्टीव्हन्सनला स्वतःचीच कादंबरी पुन्हा वाचून, त्यातले सगळे उल्लेख टिपून, त्यांना जुळेल असा नकाशा नव्याने बेतावा लागला. टोल्किननेही आधी नकाशा आणि मग कथा हाच क्रम धरला होता. तरी त्याच्या मॉर्डॉर देशाभोवती डोंगररांगा जवळजवळ काटकोनात वळतात, आणि भूशास्त्र शिकलेल्यांना ते अजून खुपतं. कॅरेन विन फॉनस्टॅड या नकाशाकार बाईंनी १९८१ साली टोल्किनच्या जगाचा अ‍ॅटलास केला. त्यात त्यांनी खडक, हवामान, पायवाटा आणि मुक्काम यांचा मेळ घालायची जी खटपट केली आहे, ती वाचताना लेखकापेक्षा नकाशाकाराचंच जास्त कौतुक वाटतं.

संगणक आला तसं हे काम हातातून यंत्राकडे गेलं. आणि यंत्राने, अपेक्षेप्रमाणे, आधी डोंगर जिंकले.

आयबीएममध्ये काम करणारा गणिती बेन्वा मँडेलब्रॉ याने १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, असा साधा दिसणारा प्रश्न विचारला होता. मोजपट्टी जितकी बारीक, तितका किनारा लांब. कारण मोठ्या खाचेत लहान खाच असते आणि तिच्यात आणखी लहान. यातून पुढे फ्रॅक्टलची कल्पना उभी राहिली. बोइंग कंपनीत विमानांची चित्रं तयार करणाऱ्या लॉरेन कार्पेंटरला त्या विमानांमागे डोंगर हवे होते. त्याने मँडेलब्रॉचं पुस्तक वाचलं आणि एक सोपी युक्ती बसवली: त्रिकोण घ्यायचा, त्याच्या बाजूंचे मध्यबिंदू थोडे वरखाली हलवायचे, तयार झालेल्या लहान त्रिकोणांवर तेच करायचं, आणि हे करतच राहायचं. १९८० साली संगणक-चित्रकलेच्या सिग्राफ या परिषदेत त्याने ‘व्हॉल लिब्र’ ही सुमारे दोन मिनिटांची फिल्म दाखवली. निव्वळ आकडेमोडीतून उभ्या राहिलेल्या डोंगरांवरून कॅमेरा उडत जातो, एवढंच तिच्यात आहे. लुकासफिल्मने त्याला तिथेच नोकरी देऊ केली. दोन वर्षांनी ‘स्टार ट्रेक’च्या दुसऱ्या चित्रपटात एक मृत ग्रह पाहता पाहता हिरवा झालेला जगाने पाहिला, तो याच तंत्राने. त्याच सुमाराला केन पर्लिनने ‘नॉइज’ची, म्हणजे सलग पण अनियमित चढउतार देणाऱ्या आकडेमोडीची, आपली रीत शोधली, १९८५ मध्ये ती प्रसिद्ध केली, आणि १९९७ साली त्याला तिच्यासाठी तांत्रिक ऑस्कर मिळालं. आज गेममधली जवळपास कुठलीही टेकडी खणा, तळाशी पर्लिन किंवा त्याचा कोणीतरी वारस सापडतो.

पण या डोंगरांत एक खोट होती, आणि ती मँडेलब्रॉलाही ठाऊक होती. चुरगळलेला कागद जसा सुलटा तसाच उलटा दिसतो, तसे हे डोंगर उलटे केले तरी तसेच दिसत. शिखराच्या जागी खड्डा, खड्ड्याच्या जागी शिखर, फरक शून्य. सह्याद्री उलटा करून पाहा: धारांच्या जागी दऱ्यांची जाळी येईल आणि ती जाळी कुठल्याच पाण्याने कोरलेली वाटणार नाही. कारण पाणी एकाच दिशेने जातं. ते माथ्यावरून निघतं, दुसऱ्या पाण्याला मिळतं, आणि जितकं मिळतं तितकं खोल खणतं. हा एकदिश कारभार नॉइजमध्ये नसतो. नॉइजला वर काय आणि खाली काय, दोन्ही सारखंच.

तेव्हा प्रश्न ‘नदी कशी काढायची’ असा राहत नाही. नदी काढता येतच नाही. जमीन अशी करावी लागते की नदी आपण होऊन दिसावी.

ते प्रत्यक्षात कसं होतं हे बघायला विल्बर नावाचं सॉफ्टवेअर उत्तम. जो स्लेटन या गृहस्थांनी केलेलं, विंडोजवर चालणारं आणि फुकट. दिसायला ते अगदी नव्वदच्या दशकातलं वाटतं आणि मदतीची पानं वाचून डोकं जड होतं, पण पाण्याची समज त्याला बऱ्याच देखण्या प्रोग्रामपेक्षा जास्त आहे. त्याला एक काळंपांढरं चित्र द्यायचं. पांढरं म्हणजे उंच, काळं म्हणजे सखल, मधल्या राखाडी छटा म्हणजे मधल्या उंची. याला हाइटमॅप म्हणतात. इथेच पहिली ठेच लागते. साध्या आठ बिटांच्या चित्रात छटा फक्त २५६. सर्वांत उंच शिखर आठ हजार मीटरचं असेल तर दर छटेमागे उंचीत एकतीस मीटरची उडी बसते. गुळगुळीत उताराचे मग ओटेच ओटे होतात आणि नद्या त्यांवरून शिपाईगिरी करत सरळ रेषेत चालतात. सोळा बिटांचं चित्र घेतलं की पायऱ्या ६५,५३६ होतात आणि उडी बारा सेंटिमीटरवर येते. नव्या माणसाच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मग पाणी सोडायचं. संगणकासाठी जमीन म्हणजे चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोन आपल्या आठ शेजाऱ्यांकडे बघतो आणि ज्याच्याकडे उतार सर्वांत तीव्र असेल त्याला आपलं पाणी देतो. ही रीत ओ’कॅलघन आणि मार्क या दोघांनी १९८४ साली मांडली आणि जलशास्त्रात आजही ती पहिल्या धड्यात असते. प्रत्येक चौकोनाने आपल्यावर किती चौकोनांचं पाणी येतं ते मोजायचं. आकडा एका मर्यादेपलीकडे गेला की तिथे नदी. इतकं सोपं. पण नॉइजच्या जमिनीवर हे सुरू करा, नदी चार चौकोन चालते आणि अडते. जिकडेतिकडे खळगे. प्रत्येक खळगा आपल्यापुरता समुद्र होऊन बसलेला.

म्हणून विल्बरमध्ये ‘फिल बेसिन्स’ अशी आज्ञा आहे. ती प्रत्येक खळगा सांडव्याच्या पातळीपर्यंत भरते, की पाणी पुढे सरकलंच पाहिजे. त्यानंतर ‘इनसाइज फ्लो’: जिथून जास्त पाणी जातं तिथे जमीन जास्त खणायची. या दोन आज्ञा एकामागून एक दिल्या की पडद्यावर पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं दिसतं. राखाडी ढगांतून दऱ्या उमटतात, त्यांना उपदऱ्या फुटतात. पण नीट पाहिलं तर भरलेल्या खळग्यांवर प्रवाह पट्टीने आखल्यासारखे समांतर आणि सरळ जाताना दिसतात. सपाटीवर आठ शेजाऱ्यांत निवडायला काही नसतं आणि यंत्र पहिली मिळेल ती दिशा धरतं. यावरचा उतारा अनुभवी मंडळी सगळ्यांना सांगतात: चिमूटभर नॉइज टाका, पुन्हा भरा, पुन्हा खणा. परत नॉइज, परत भरणं, परत खणणं. दर फेरीला जमीन थोडी म्हातारी होते. मध्येच ‘प्रेसिपिटॉन’ची फेरी द्यायची, म्हणजे पावसाचा एकेक थेंब जमिनीवर टाकून तो गडगडत जाताना कुठून माती उचलतो आणि कुठे टाकतो हे बघायचं. हात सैल सुटला तर डोंगर झिजून ढेकळं होतात. कुठे थांबायचं हे कुठल्याच पुस्तकात नाही.

वर्ल्ड मशीन, गाया ही अलीकडची सॉफ्टवेअर हेच काम कितीतरी चकचकीतपणे करतात. चित्रपट आणि मोठ्या गेमचे लोक तीच वापरतात, आणि त्यांच्या जमिनी छायाचित्रासारख्या दिसतात. तरी मला विल्बरचा मार्ग जास्त शहाणा वाटतो. त्यात आपण काय करतोय हे दिसतं.

काहींनी उलटी वाट धरली. १९८८ साली केली, मॅलिन आणि नील्सन यांनी सिग्राफमध्ये सुचवलं की आधी नद्यांचं जाळं वाढवा आणि त्याला साजेशी जमीन मागाहून बसवा. पुढे २०१६ मध्ये फ्रान्समधल्या संगणकतज्ज्ञांनी एका भूरूपशास्त्रज्ञाला सोबत घेऊन आणखी मूलगामी विचार केला: वापरणाऱ्याने उंची रंगवायचीच नाही, जमीन कुठे किती वेगाने वर उचलली जाते ते रंगवायचं. मग एकीकडून उचल आणि दुसरीकडून नदीची झीज, यांची लाखो वर्षांची कुस्ती यंत्राने लावायची. डोंगर हे त्या कुस्तीत उरलेलं सामान. खऱ्या भूगोलाच्या सर्वांत जवळ जाणारी रीत हीच.

अमित पटेल यांची युक्ती मात्र सर्वांत चलाख. २०१० साली एका ऑनलाइन गेमसाठी बेटं तयार करताना त्यांनी ठरवलं की जमिनीची उंची म्हणजे किनाऱ्यापासूनचं अंतर. जितकं आत, तितकं उंच. मग खळगा उरतच नाही. कुठल्याही जागेवरून खाली उतरत गेलं की समुद्र येणारच. नद्या आपोआप शहाण्या होतात. रेड ब्लॉब गेम्स या नावाने त्यांनी हे इतक्या खुल्या मनाने समजावून सांगितलं की पुढे अनेकांनी त्यावर इमले बांधले. मार्टिन ओ’लिअरी या हिमनदी-अभ्यासकाने २०१६ मध्ये काल्पनिक नकाशे छापणारं यंत्रच केलं, आणि ॲझगार या टोपणनावाच्या प्रोग्रामरने या दोघांपासून स्फूर्ती घेऊन केलेला फँटसी मॅप जनरेटर आज जगभरचे हौशी लोक ब्राउझरमध्ये उघडून बसतात.

आता पटेलांच्या या नियमाने आपली गोदावरी करून दाखवा.

होणार नाही. ती उगम पावते त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर. जवळचा समुद्र सोडून ती १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. कृष्णेचंही तेच: पश्चिम किनारा चौसष्ट किलोमीटरवर असताना तिची स्वारी चौदाशे किलोमीटर पूर्वेला. कुणी नवख्याने असा नकाशा काढला तर रिव्हर पोलीस दंड आकारल्याशिवाय राहणार नाहीत. उंच डोंगर खंडाच्या मध्यावर असावेत या सोयीच्या समजुतीला सह्याद्री जुमानत नाही. तो किनाऱ्याला खेटून उभा आहे, पश्चिमेला कडा आणि पूर्वेला हळूहळू उतरणारं पठार. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात हे एका छपराखाली दिसतं. तिथे ज्या नद्यांचे उगम मानतात त्यांतली सावित्री कडा उतरून बाणकोटला अरबी समुद्र गाठते. कृष्णा, कोयना आणि वेण्णा उलट दिशेला जातात.

असं का, याचं उत्तर उंचीच्या कुठल्याही सूत्रात नाही. ते इतिहासात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचं पठार झालं. त्यानंतर सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटून दूर गेला, तुटलेली पश्चिम कड उचलली गेली आणि पठार पूर्वेकडे कललं. नद्यांनी तो कल धरला. नर्मदा आणि तापी पश्चिमेला जातात, कारण त्यांना भूपृष्ठातल्या भेगांची तयार वाट मिळाली. म्हणजे गोदावरीसारखी नदी आपल्या काल्पनिक देशात हवी असेल तर कुठलीही नदी वाकवू नका. आधी खंड मोडा, एक कड उचला आणि मग पाणी सोडा. गायात ‘स्ट्रॅटिफाय’सारखी साधनं आहेत, ती झीज करण्याआधी लावली की आडव्या थरांचे कडे, मधल्या माच्या आणि सरळसोट नाळा अशा काही उमटतात की हरिश्चंद्रगडाची आठवण व्हावी. झीज केल्यावर लावलीत तर मात्र दऱ्यांनाही पायऱ्या पडतात आणि सगळा डाव हास्यास्पद होतो.

खळगे भरण्याच्या आज्ञेची दुसरी परीक्षा लोणारला घेता येते. अंतराळयान ‘एंडेव्हर’ने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. त्या मोहिमेचा, म्हणजे एसआरटीएमचा, विदा फुकट मिळतो आणि क्यूजीआयएस या तितक्याच फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. बुलढाणा जिल्ह्याचा तुकडा उघडा. पावणेदोन किलोमीटरहून अधिक व्यासाचं ते गोल विवर लगेच नजरेत भरतं. आता खळगे भरायची आज्ञा द्या. विवर नाहीसं होतं. उरते एक सपाट चकती आणि तिच्यावरून पुढे गेलेला, कधी अस्तित्वातच नसलेला ओढा. यंत्राच्या लेखी लोणार ही मोजणीतली चूक. खरं तर तिथलं पाणी बाहेर पडत नाही म्हणूनच ते खारं आहे. खारी सरोवरं, मिठागरं, आटलेल्या तळ्यांची पांढरी मैदानं आपल्या जगात हवी असतील, तर कुठले खळगे राखायचे हे माणसालाच यंत्राला बजावून सांगावं लागतं.

नद्यांची जागा ठरली तरी त्यांत पाणी किती, हे पावसावर. वारा कुठून येतो ते विचारल्याशिवाय जंगल रंगवणारे नकाशे पुष्कळ आहेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. ॲझगारच्या जनरेटरमध्ये अक्षांशांप्रमाणे वाऱ्याची दिशा ठरवता येते, पटेलांच्या नंतरच्या आवृत्तीत वाऱ्याचा कोन आणि पर्जन्यछाया यांच्या सरकपट्ट्याच आहेत. पट्टी सरकवली की डोंगराच्या एका अंगाच्या नद्या फुगतात आणि दुसऱ्या अंगाच्या रोडावतात. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळाने गाव उठतं, तो दुष्काळ लेखकाने कल्पनेतून आणलेला नाही, माणदेश सह्याद्रीच्या पाठीशी आहे. काल्पनिक राज्यातला दुष्काळही असाच नकाशातून यावा, म्हणजे कथेत तो उपरा वाटत नाही.

आणि माणसं? ती तर नियम मोडायलाच असतात. कोयना महाबळेश्वरहून दक्षिणेला वाहते, हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. पण धरणातलं बरंच पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजघराकडे सोडलं जातं आणि शेवटी चिपळूणच्या वाशिष्ठीत जातं. एक नदी, दोन समुद्र. नकाशात अशी नदी काढणाऱ्याकडे सांगायला एक धरण, एक सरकार, बुडालेली गावं आणि पाण्यावरून होणारी भांडणं असली, तर कुठल्याही रिव्हर पोलिसाने त्याला सलाम ठोकून सोडून द्यावं.

एवढी यातायात सगळ्यांनाच हवी असते असं नाही. जगात सर्वाधिक खपलेल्या माइनक्राफ्टमध्ये नद्या म्हणजे समुद्रसपाटीवरचे पाण्याचे पट्टे. त्यांना उगम नाही की उतार नाही. कोट्यवधी मुलं त्यांत आनंदाने होड्या चालवतात. उलट ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या गेममध्ये २००६ पासून ॲडम्स बंधूंनी पर्जन्यछायेपासून झिजेपर्यंत सगळं मांडलं, आणि कितीतरी वर्षं तो गेम पडद्यावर नुसती अक्षरंच दाखवत होता. खेळात मजा आली की झालं. वाचकाला मात्र नायकाबरोबर महिनाभर पायी चालायचं असतं. तिथे नदी कुठून आली हे लेखकाला ठाऊक नसेल तर तिसऱ्या मुक्कामाला ते उघडं पडतं.

मराठीत काल्पनिक प्रदेशाच्या कथांना नकाशा जोडायची रीत फारशी रुजलेली नाही. आता पैशाची सबब उरलेली नाही. ॲझगारचा जनरेटर ब्राउझरमध्ये उघडतो, विल्बर आणि क्यूजीआयएस फुकट उतरवता येतात, आणि कार्टोसॅट उपग्रहाने मोजलेला भारताचा उंचीचा विदा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर मिळतो. त्यासाठी नोंदणी करावी लागते, पण तिला पैसे पडत नाहीत. सुरुवात करणाऱ्याने आधी आपल्या तालुक्याचा तुकडा उतरवून त्यावर पाणी सोडून पाहावं आणि यंत्राने काढलेले ओढे गावातल्या खऱ्या ओढ्यांशी ताडावेत. स्वतःचं खंड त्यानंतर करायला घ्यावं.